‘कान फुटलेत का तुझे?’ : मुलाच्या कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या धाकट्याच्या डाव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं, त्याला आता दीड वर्ष होत आलं. तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आम्ही देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, नवरा आंब्याची कलमं बघतो. ऑपरेशन झाल्यापासून पंचक्रोशीतल्या आया मला एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत गाठतात. रात्री नऊनंतर फोनही येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा बसून लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. इथे आमच्या पोराचं काय झालं ते आहे आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून मला जे समजलं ते आहे.

मुलाला एका कानाने कमी ऐकू येतंय हे तुम्हाला कळलं कसं नाही? तुम्ही तर बाई आहात शाळेतल्या.

हा प्रश्न सहसा शेवटी आणि आवाज खाली करून विचारतात. मी तो पहिला घेते.

कळलं नाही, कारण उजवा कान ठणठणीत होता. एक कान चांगला असला की मूल वेळेवर बोलायला लागतं, पाढे म्हणतं, घरातलं सगळं ऐकतं. अडतं ते दोन ठिकाणी. आवाज कुठल्या बाजूने आला ते उमगत नाही, आणि गोंगाटात एकाचं बोलणं वेगळं काढता येत नाही. मी मागच्या पडवीतून हाक मारली की हा पुढे खळ्यात बघायचा. आमच्या शाळेच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत. जुलैत मोठी सर आली की माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. त्या दिवसांत त्याचं शुद्धलेखन पार कोलमडायचं, आणि मला वाटायचं की हा खिडकीतून पाऊस बघत बसतो. रात्री तो कायम उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून झोपायचा. सकाळी हाका मारून उठायचा नाही, गदागदा हलवावं लागायचं. मी कौतुकाने सांगायची, झोप गाढ आहे हो पोराची.

आणि ‘ऐकत नाही’ हा आपला शब्द. कानाने ऐकणं आणि सांगितलेलं मानणं, दोन्हीला आपण ऐकणंच म्हणतो. दोन वर्षं मी नवऱ्याकडे तक्रार करत होते की हा ऐकत नाही. फार वैतागले की ओरडायची, “कान फुटलेत का तुझे?” कान खरंच फुटलेला होता. दर पावसाळ्यात उशीवर पिवळा डाग दिसायचा, वास यायचा, आणि मी अभ्रा बदलून टाकायची.

लाज वाटते ती चिठ्ठीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या कानात बॅटरी मारून बघितली आणि ‘पुढील तपासणी’ अशी चिठ्ठी लिहून दिली. वर्गातल्या बाकी मुलांच्या चिठ्ठ्या मी त्यांच्या पालकांच्या हातात नेऊन दिल्या. माझ्या मुलाची माझ्या टेबलाच्या खणात दीड वर्ष पडून राहिली. पावसाळ्यात वाहतोच त्याचा कान, असं म्हणून.

कान फुटतो म्हणजे नक्की काय होतं?

कानाच्या नळीच्या टोकाशी पडदा असतो. करंगळीच्या नखाएवढा, पातळ, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी. त्याच्यामागे हवेची छोटी पोकळी आणि तीन इवलीशी हाडं, हातोडा, ऐरण आणि रिकीब. पडदा थरथरला की ती हलतात आणि आवाज आतल्या कानात पोचतो. या पोकळीतून एक नळी नाकाच्या मागे घशात उतरते. मोठ्या माणसांत ती तिरकी असते, लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी. म्हणून सर्दी झाली की मुलांच्या कानात जंतू पटकन चढतात. आत पू साठतो, पडदा ताणतो, मूल रात्रभर कळवळतं. पहाटे पडदा फुटतो, पू बाहेर येतो, दुखणं थांबतं आणि मूल शांत झोपतं. आपण म्हणतो, चला, उतार पडला.

खाडीत डुंबल्याने कान फुटला, असं आमच्याकडे सगळे म्हणत होते. तसं नसतं. सुरुवात बहुधा सर्दीपासून होते. पण एकदा भोक पडलं की बाहेरचं पाणी त्यातून आत जातं आणि कान पुन्हा पुन्हा वाहतो. आमच्या दमट हवेत कानात बुरशीही धरते. त्याला ती एका पावसाळ्यात झाली होती, नुसती खाज आणि खाज.

कान फुटला की ऑपरेशन करावंच लागतं का?

नाही. पहिल्यांदा फुटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. महिनोन्‌महिने भोक तसंच राहिलं, कान सारखा वाहू लागला, ऐकणं कमी झालं, तर मग ऑपरेशनचा विचार करतात. काही डॉक्टर मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत थांबायला सांगतात, कारण तोवर सर्द्या कमी होतात आणि ती आतली नळीही जरा सुधारते.

पण एक प्रकार थांबण्याचा नाही. भोक पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा कडेला असेल, पाणी थोडंच पण घाण वासाचं येत असेल, तर आत कातडीचा गोळा वाढत असू शकतो. तो हाड पोखरतो, आणि मेंदू तिथून लांब नाही. अशा कानाचा सीटी स्कॅन काढतात आणि ऑपरेशनही मोठं असतं, कानामागचं हाड कोरून. आमच्या मुलाचं भोक पडद्याच्या मधोमध होतं, त्याला डॉक्टर बिनधोक्याचं म्हणतात. दोन्हींतला फरक घरी बसून कळत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं तरच कळतो. आमच्या जवळच्या एका दवाखान्यात चार वर्षं कानात न बघताच थेंब लिहून मिळत होते आणि आम्हीही तेच घेऊन येत होतो.

थेंबांवरून आठवलं. घरात उरलेली कुठलीही बाटली उचलून फुटलेल्या कानात घालू नका. पडद्याला भोक असताना काही औषधं आतल्या कानापर्यंत जाऊन कायमची इजा करू शकतात.

कानात तेल घातलं तर चालतं का?

सासूबाईंनी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यापर्यंत सोडलं नव्हतं. लसणीची पाकळी घालून कोमट केलेलं खोबरेल. “वायच त्याल घाल गो, बरा वाटात.” त्यांनी आपल्या पाच मुलांना घातलं होतं आणि पाचही नीट ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे टीव्हीसारख्या पडद्यावर नातवाच्या कानातलं भोक त्यांनी स्वतः बघितलं. परत येताना गाडीत त्या बराच वेळ गप्प होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, “म्हणजे त्याल सरळ आत जाता?” त्या दिवसापासून तेल बंद. देवाला गाऱ्हाणं मात्र घातलं, त्याला कोणाची हरकत नव्हती.

तेल, तुळशीचा रस, पेरॉक्साइड, जत्रेतल्या कान साफ करणाऱ्याची काडी, फुटलेल्या कानात काहीच नाही.

ऑपरेशन कुठे करायचं आणि खर्च किती येतो?

आम्ही कोल्हापूर निवडलं, कारण नणंद तिथे राहते. राहण्या-जेवणाची सोय असणं हे डॉक्टरांच्या पाटीइतकंच महत्त्वाचं, कारण टाके निघेपर्यंत तिथे राहावं लागतं आणि नंतर तीन-चार खेपा होतात. आमच्याकडची बरीच माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जातात, काही कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात. चिपळूणच्या बाजूचे डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, आणि मुंबईत चाकरमानी भाऊ-बहीण असेल तर केईएम, नायर, सायन.

आम्ही खाजगीत केलं. खोली, भूल, औषधं सगळं धरून साठ हजारांच्या आसपास गेले. थोडे नंतर प्रतिपूर्तीत मिळाले. ज्यांना एवढे शक्य नाहीत त्यांनी आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती तीच ही. योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन त्यालाच विचारा की हे ऑपरेशन इथे योजनेत बसतं का. दाखल झाल्यावर विचारून उपयोग नाही. आणि शाळेत पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती खणात ठेवू नका, पुढची तपासणी आणि उपचार त्याच कार्यक्रमातून होऊ शकतात.

नोकरी करणाऱ्या आयांसाठी: राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या महिला कर्मचाऱ्यांना अठरा वर्षांखालच्या मुलासाठी बालसंगोपन रजा मिळते, पूर्ण सेवेत १८० दिवस. मी त्यातली तीन आठवडे घेतली.

कोणत्या महिन्यात करावं?

डॉक्टर म्हणाले, कान कोरडा असला म्हणजे झालं. पण कोकणात कान कोरडा कधी असतो? आम्ही जानेवारी धरला. पावसाळा संपून कान दोन-अडीच महिने सुका होता, आणि पुढचा पाऊस यायला पाच महिने होते. आंब्याची तोड सुरू झाली नव्हती, त्यामुळे नवराही मोकळा होता. मे महिन्यात सुट्टी असते म्हणून लोक तेव्हा ठरवतात. मला ते पटत नाही. जखम ओली असतानाच पाऊस येऊन ठेपतो.

ऑपरेशनच्या आधी काय काय असतं?

रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो, भूलतज्ज्ञांची भेट आणि ऐकण्याची चाचणी. एका बंद खोलीत मुलाच्या कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. आलेख हातात येतो. त्याच्या उजव्या कानाची रेघ १५ डेसिबलवर होती, डाव्याची ४० वर. म्हणजे डाव्या बाजूला कुजबुज नाहीच आणि साधं बोलणं लांबून आल्यासारखं.

सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. आमची पहिली तारीख सर्दीमुळेच पुढे गेली.

उपाशी ठेवण्याचं नीट विचारून घ्या. आम्हाला नर्सने सांगितलं, रात्री बारानंतर काही नाही. सकाळी नवाचा नंबर होता, मधे तातडीची केस आली आणि आमचा नंबर दुपारी एकला लागला. तेरा तास पोराच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. नंतर भूलतज्ज्ञ म्हणाल्या, जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चाललं असतं, विचारायचं होतंत. म्हणून सांगते, नंबर पुढे सरकला की उठून विचारा. कोणी आपणहून येऊन सांगत नाही.

ऑपरेशनमध्ये करतात काय? टाके कुठे पडतात?

हे मुलाला मी समजावू शकले नाही, त्याच्या बाबाने समजावलं. आमच्याकडे पावसाळ्यात कोय कलमं बांधतात. कोवळ्या रोपाला चीर द्यायची, हापूसची काडी त्यात बसवायची, पट्टीने गच्च बांधायचं आणि मग हात लावायचा नाही. बाबा म्हणाला, “तुझ्या कानात कलम बांधणार. काडी तुझ्याच अंगातली.” डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, आम्हीही कलमच म्हणतो.

कानामागे चीर देतात. कानाच्या वर, कानशिलापाशी जो चावायचा स्नायू असतो त्याच्यावरचा पातळ पापुद्रा काढतात. कधी कानाच्या कूर्चेचा तुकडा घेतात. भोकाच्या कडा ताज्या करून तो तुकडा पडद्याखाली सरकवतात आणि विरघळणाऱ्या स्पंजने आधार देतात. त्यावर हळूहळू पडद्याची कातडी वाढते. मुलांना पूर्ण भूल देतात. आमच्या मुलाला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत अडीच तास गेले.

सही करताना धोक्यांची यादी वाचून घाबरायला झालं. ते सगळं खरंच होतं का?

यादी मीही वाचली आणि कॉरिडॉरमध्ये बसून रडले. चेहऱ्याची नस कानातूनच जाते, म्हणून तोंड वाकडं होण्याचा धोका लिहिलेला असतो. चक्कर, कानात आवाज, ऐकणं न सुधारणं किंवा आणखी कमी होणं, हेही लिहितात. मोठे धोके क्वचित घडतात, पण लिहावे लागतात. एक बारीकशी गोष्ट यादीत तळाशी होती आणि तीच आमच्याकडे घडली. चवीची एक नस पडद्याच्या मागून जाते, ती दुखावली की जिभेच्या त्या बाजूची चव काही आठवडे किंवा महिने बदलते. घरी आल्यावर त्याने सोलकढीचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. लोखंडासारखी लागते म्हणाला. सासूबाईंना वाटलं, आमसुलं जुनी निघाली. मेपर्यंत चव परत आली.

शुद्धीवर आल्यावर मूल कसं असतं?

डोक्याभोवती मुंडाशासारखं बँडेज, चेहरा सुजलेला, दोन उलट्या. आपण मनाची तयारी केलेली असते तरी बघवत नाही. रात्रीपर्यंत तो उठून बसला. दुखणं औषधाने आटोक्यात राहिलं, मला वाटलं होतं त्याच्या निम्मंच. दुसऱ्या दिवशी बँडेज निघालं, तिसऱ्या दिवशी आम्ही नणंदेच्या घरी, आठव्या दिवशी टाके निघाले.

पुढे या गोष्टी दिसल्या आणि सगळ्या चालण्यासारख्या होत्या: कानातून लालसर पाणी काही दिवस, आत चट-चट आवाज, कान पुढे आल्यासारखा दिसणं, कानाची वरची कड बधिर. तो म्हणायचा, हा कान माझा नाहीच, चिकटवलाय. बधिरपणा जायला बरेच महिने लागले. सुरुवातीला ऐकू आधीपेक्षाही कमी येतं, कारण आत स्पंज भरलेला असतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पहिला आठवडा मी ऑपरेशन फसलं असंच धरून चालले होते.

न थांबता डॉक्टरांना गाठायचं ते यासाठी: तोंड एका बाजूला ओढलं जाणं, डोळा पूर्ण मिटता न येणं, उभं राहवणार नाही अशी चक्कर, ताप आणि सोबत जोराची डोकेदुखी किंवा मान ताठ होणं, भळभळ रक्त, घाण वासाचा पू.

घाट उतरून यायचं म्हणजे कानावर दाब येणार. तुम्ही काय केलंत?

देशावर ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक कोकण्याचा हा प्रश्न. विमान तर आमच्या डॉक्टरांनी तीन महिने बंद ठेवलं होतं. घाटाबद्दल म्हणाले, टाके निघाल्यावर जा, सावकाश उतरा, मुलाला घोट घोट पाणी देत राहा. गिळताना ती आतली नळी उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. नाक दाबून कानात फुंकर मारायची आपल्याला सवय असते, ती मात्र अजिबात नाही. नव्या कलमाला तोच मोठा धक्का. आम्ही एसटी टाळून ओळखीच्या गाडीने फोंडाघाट उतरलो, दोनदा थांबलो, दोन बाटल्या पाणी आणि अर्धा पाव लिमलेटच्या गोळ्या संपल्या.

यातली गंमत मला नंतर कळली. ऑपरेशनच्या आधी घाटात सगळ्यांच्या कानाला दडे बसायचे, त्याच्या फक्त उजव्या. भोक असल्यामुळे डाव्या कानात दाब साठायलाच जागा नव्हती. एप्रिलमध्ये तपासणीला जाताना घाट चढत होतो, आणि मागच्या सीटवरून हा ओरडला, “आई, डाव्या कानाक पण दडे बसले!” डॉक्टरांनी दुर्बीण लावायच्या तीन तास आधी आम्हाला कळलं होतं की पडदा बंद झाला.

पथ्य काय? मासे, आंबट बंद का?

डॉक्टरांनी काहीच बंद केलं नाही. पण चावायच्या स्नायूलाच हात लावलेला असतो, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस जबडा दुखतो. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, काटे काढून दिलेला मासा. शेजारच्या काकींनी मासळीने पू होतो म्हणून पापलेट परत नेलं. ते मला आजही खटकतं, कारण पापलेट मोठं होतं.

पाण्याचं काय? इथे तर चहूकडे पाणी.

ऑपरेशन डॉक्टर करतात, पाणी आपल्याला सांभाळायचं असतं. मला विचाराल तर दुसरं काम अवघड.

पहिले दोन आठवडे डोक्यावरून आंघोळ नाही, मानेखालून. केसांना वास यायला लागला की आईचा जीव कासावीस होतो, पण नाहीच. नंतर कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये नीट माखून कानाच्या तोंडाशी बसवायचा, वर एकाने वाटी धरायची आणि दुसऱ्याने मागे मान करून डोकं धुवायचं. नुसता कोरडा कापूस घालू नका, तो पाणी शोषून आत नेतो. आमच्या न्हाणीत मी, सासूबाई आणि तो अशी तिघांची दाटी व्हायची. घामाचाही विचार करा. मार्चपासून आमच्याकडे उशी ओली होते, मी दिवसाला दोन अभ्रे बदलत होते. या वेळी डागासाठी नाही.

खाडी त्याला सहा महिने बंद होती, उडी मारणं एक वर्ष. भरती आली की पोरं साकवावरून उड्या मारायची आणि हा काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा. पहिले काही दिवस रडला, मग गरी घेऊन जाऊ लागला. मे महिन्यात त्याने एवढे पालू मासे मारले की पोहणारी पोरंही येऊन त्याच्याजवळ बसायची. पाऊस सुरू झाल्यावर छत्रीवर माझा विश्वास नव्हता, इथला पाऊस आडवा येतो. कानटोपी, वर रेनकोटची टोपी आणि वर छत्री अशा थाटात तो शाळेत यायचा.

जत्रा, शिमगा, शिंका?

शिंक आली की तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाक जोरात शिंकरायचं नाही, वर ओढायचंही नाही, गळलं तर पुसायचं. हे नऊ वर्षांच्या मुलाला शिकवायला साधारण दोनशे वेळा सांगावं लागतं. ऐकत नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही.

फुंकायचं सगळं बंद. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा आली तेव्हा ऑपरेशनला सहा आठवडेही झाले नव्हते. जत्रेत त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, पिपाणी आणि फुगा, आणि दोन्ही फुंकायच्या. आम्ही भगभगीत दुपारी जाऊन दर्शन घेतलं, गर्दी व्हायच्या आत निघालो, समुद्रात पाय फक्त घोट्यापर्यंत. मालवणी खाजं घेतलं, पण कडक चावताना जबडा अजून दुखत होता म्हणून तेही बहिणीने खाल्लं. शेवटी एक लाकडी बैलगाडी घेऊन दिली. ती अजून तशीच पडून आहे, त्याने तिला हात लावलेला नाही.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. ढोल जवळ नको म्हणून तो माजघराच्या खिडकीतून बघत होता. रंगपंचमीला तर दार लावूनच घेतलं.

शाळा कधी सुरू केली?

तीन आठवड्यांनी. खेळ दोन महिने बंद. पहिल्या बाकावर, चांगला कान वर्गाकडे येईल अशा कडेला बसवायला सांगा. हे ऑपरेशन न झालेल्या मुलालाही लागू आहे.

माझ्या मुलाला ग्रोमेट घालायला सांगितलंय. तेही हेच का?

वेगळं. पडदा फुटलेला नसतो, पण मागे चिकट पाणी साठून ऐकू कमी येतं. तेव्हा बारीक चीर देऊन इवलीशी नळी बसवतात म्हणजे आत हवा खेळते. ती बहुधा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप गळून पडते. छोटं ऑपरेशन आहे, बहुतेक त्याच दिवशी घरी पाठवतात.

कलम नाही धरलं तर?

काहींचं धरत नाही. सर्दी होते, जंतू जातात, किंवा काही कारण नसतानाही. मग काही महिन्यांनी पुन्हा करता येतं. आमच्या ओळखीच्या एका मुलीचं दोनदा करावं लागलं, आता उत्तम आहे. नवरा म्हणतो, शंभर कलमं बांधली तर शंभर कुठे जगतात. मला तेव्हा त्याचा राग आला होता. धरलेला पडदाही पुढे फुटू शकतो, म्हणून सर्दी अंगावर काढायची नाही आणि वर्षातून एकदा दाखवायचं.

आता किती ऐकू येतं?

तीन महिन्यांनी चाचणी केली तेव्हा डाव्या कानाची रेघ ४० वरून २० वर आली होती. उजव्याच्या जवळपास. हाक मारली की आता योग्य बाजूला बघतो. मी ओरडले की म्हणतो, “कित्याक बोंबलतस, माका आयकाक येता.”

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री तो दोनदा उठून माझ्याकडे आला. उजव्या कुशीवर, कान उशीत दाबून झोपला होता, नेहमीसारखा. पण डाव्या कानात कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या वाजत होत्या. झोप येत नाही म्हणाला, ते बंद कर.